पी म्हणजे पावडर

दात घासायचा ब्रश मधोमध कापला की सात ग्रॅम वाचतात, हे एवारिस्तोने जेवणाच्या टेबलावर तराजू मांडून सिद्ध केलं, तेव्हा त्याची बायको आम्पारो तव्यावरची मक्याची तोर्तिया उलटत होती. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"आणि दात?" तिने विचारलं. "तेही निम्मे इथेच ठेवून जायचे का?"

"कर, थट्टा कर. सहाव्या दिवशी खांदे गळून पडतील ना, तेव्हा या सात ग्रॅमची आठवण येईल तुला."

एवारिस्तोने साल्वातिएर्रा गावच्या पोस्टात एकतीस वर्षं पार्सलांचं वजन केलं होतं. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्याला जुना पितळी तराजू भेट दिला, कारण पोस्टात नवा आला होता. तेव्हापासून घरातल्या कुठल्याच वस्तूला सुख नव्हतं. त्यात आता यात्रा आली. सान हुआन गावच्या चर्चमधल्या आईच्या दर्शनाला आठ दिवस पायी जायचं म्हटल्यावर एवारिस्तोने तारेच्या जुन्या फॉर्मच्या पाठीवर बारा नियम लिहून काढले. पाठीवरचं ओझं स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नको. नखं आठवडाभर आधी कापायची, आणि सरळ कापायची. मोज्याच्या आत बायकांचा पातळ मोजा घालायचा, म्हणजे फोड येत नाहीत. आला फोड, तर सुईने दोरा ओवून आत तसाच ठेवायचा. साबण अर्धा, टॉवेल अर्धा, कंगव्याचे दात मोजून अकरा.

हा सगळा खटाटोप एका खड्यापायी होता. ऑगस्टात एवारिस्तोला मुतखडा झाला. तीन दिवस तो अंगणात लिंबाच्या कुंडीला मिठी मारून गडाबडा लोळत होता. तिसऱ्या दिवशी त्याने आभाळाकडे बघून टाहो फोडला, "सान हुआनच्या आई, एवढा एक खडा पाड! तो घेऊन मी पायी तुझ्या दारी येईन आणि माझ्या हाताने तुझ्या पायाशी ठेवीन!" टाहो तीन घरं पलीकडे ऐकू गेला, त्यामुळे माघार घ्यायची सोय राहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खडा पडला. आम्पारोने तो धुऊन, पुसून बशीत ठेवला. डॉक्टर म्हणाले, सहा मिलिमीटर. एवारिस्तोच्या सांगण्यात मात्र तो सप्टेंबरात हरभऱ्याएवढा झाला आणि नाताळपर्यंत सुपारीच्या वाटेला लागला.

हा खडा आता औषधाच्या रिकाम्या बाटलीत होता. अशा एकसारख्या बाटल्या एवारिस्तोने औषधवाल्याकडून मागून आणल्या होत्या आणि प्रत्येकीवर एकच अक्षर लिहिलं होतं. पूर्ण नाव लिहायचं तर चिठ्ठी मोठी, चिठ्ठी मोठी की डिंक जास्त, डिंक जास्त की वजन जास्त. साबणाचं, त्यांच्या भाषेतलं, ‘जे’, व्हॅसलीनचं ‘व्ही’. पायाला लावायच्या पावडरीला त्यांच्यात पोल्वो म्हणतात, म्हणून तिचं ‘पी’. आणि खड्याला म्हणतात पिएद्रा, म्हणून त्याचंही ‘पी’.

"दोन्हींवर पी?" आम्पारोने विचारलं.

"पावडर उजव्या कप्प्यात, खडा डाव्या कप्प्यात. पद्धत आहे ती. पद्धत असली की चूक होत नाही."

मग त्याने खड्याची बाटली हलवून पाहिली. आत खडखड वाजायला लागलं. आठ दिवस पाठीत हे वाजलं तर डोकं फिरेल, म्हणून खडा बसून राहावा एवढी पावडर त्याने त्या बाटलीतही भरली. चार ग्रॅम वाढले. ते त्याने कंगव्याचा आणखी एक दात तोडून भरून काढल्यासारखं केलं.

बरोबर येणार होता लिब्रादो. हा गावातला चांभार आणि एवारिस्तोच्या मुलीचा धर्मपिता, म्हणजे एवारिस्तोचा कोंपाद्रे. दोघं शाळेपासूनचे दोस्त, एकमेकांना शिव्या देत वाढलेले. पण मुलीच्या बाप्तिस्म्याच्या दिवसापासून रिवाजाप्रमाणे अहो-जाहोवर आले होते आणि शिव्याही आता अहो-जाहोत देत होते. लिब्रादोने यात्रेसाठी तिघांच्या बुटांना नवे तळ घालून दिले होते. "या तळातून खिळा वर आला, तर दुकानाला कुलूप लावीन," असं त्याने चर्चच्या पायरीवर चारचौघांत सांगितलं होतं. बाकी लिब्रादोची ख्याती तक्रारीसाठी होती. ऊन पडलं तर ऊन का, सावली आली तर सावली का.

निघायच्या आदल्या दिवशी नियम क्रमांक नऊसाठी दोघं कोंपाद्रे औषधाच्या दुकानात गेले. बुटात बायकांचं सॅनिटरी पॅड घातलं की घाम शोषला जातो आणि टाच मऊ राहते, हे यात्रेतल्या जुन्या लोकांचं ज्ञान. आम्पारो आणायला तयार होती, पण एवारिस्तोला मापाची खात्री करायची होती. दुकानात नेमकी गर्दी. दोघं खोकल्याच्या औषधांसमोर दहा मिनिटं खोकत उभे राहिले. शेवटी एवारिस्तोने काउंटरवरच्या बाईच्या कानाशी जाऊन काय ते सांगितलं.

"पंखांचे देऊ की बिनपंखांचे?" बाईने खणखणीत आवाजात विचारलं.

"बाई, आम्ही पायी जाणार आहोत," लिब्रादो म्हणाला.

जानेवारीच्या तेवीस तारखेला गावातली दीडशे माणसं निघाली. पुढे निशाण, मागे घोंगड्या-भांड्यांचा ट्रक, आणि मधे ही तिघं आपापल्या पाठीवर आपापली नेमकी मोजलेली पिशवी घेऊन. पहिल्या दिवशी गाणी झाली. दुसऱ्या दिवशी गाणी कमी झाली. तिसऱ्या दिवशी कोणी कोणाशी बोलेना. पाय सुजले, ओठ फुटले, धूळ दातांत कचकचायला लागली. मोटारी शेजारून सुसाट जात होत्या आणि रस्ता काही संपत नव्हता. वाटेतल्या गावांतली माणसं पातेली घेऊन दारात उभी राहत, घेवड्याची उसळ नि गरम तोर्तिया हातावर ठेवत. त्या हातांकडे बघूनही कोणाला धड हसता येत नव्हतं, इतकं सगळं अंग आंबून गेलं होतं.

लिब्रादो मात्र पहिल्या पावलापासून बोलत होता. उसळ अळणी आहे. जमीन कडक आहे. शेजारचा घोरतो, आणि बेसूर घोरतो. या वाटेवर तक्रार करणं बरं नव्हे, हे लहान पोराला माहीत असतं. जो कुरकुरतो, ज्याला आल्याचा पश्चात्ताप होतो, तो तिथेच दगड होऊन पडतो. म्हणून वाटेत दगड दिसला की यात्रेकरू त्याला पायाने पुढे ढकलतात: बिचारा कोणीतरी अडकलाय, चार पावलं तरी पुढे जाईल.

"कोंपाद्रे, जपा," आम्पारो त्याला म्हणाली, "घोट्यापर्यंत दगड झालातच तुम्ही. आता मला लाथ मारत न्यावं लागेल."

"म्हणजे निदान चालावं तरी लागणार नाही," लिब्रादो म्हणाला.

एवारिस्तोची करमणूक वेगळी होती. जिथे थांबा असेल तिथे तो डाव्या कप्प्यातून बाटली काढायचा, खडा पावडरीतून उकरायचा, तळहातावर घ्यायचा आणि ऑगस्टपासून सुरुवात करायचा. उसळ वाढणाऱ्या बायका पळी हातात धरून ऐकत. आम्पारो तेवढ्या वेळात पायांना व्हॅसलीन लावून घेई.

चौथ्या दिवशी पहाटे, इरापुआतोच्या पुढच्या एका शाळेच्या आवारात, एवारिस्तो संडासाच्या रांगेतून परतला तर लिब्रादो त्याच्या पिशवीपाशी बसून बुटांच्या नाड्या बांधत होता.

"तुमची थोडी पावडर घेतली हं, कोंपाद्रे. माझे बूट आतून ओले झाले होते."

एवारिस्तोच्या कपाळाला आठी पडली. पिशवीला दुसऱ्याचा हात लागलेला त्याला खपत नसे. "जिथून घेतलीत तिथेच ठेवलीत ना?"

"अगदी तिथेच. झाकण घट्ट लावून."

पद्धत बिघडली नव्हती, म्हणून एवारिस्तोने पिशवी उचलून खांद्याला लावली.

आणि त्या दिवसापासून चमत्कार झाला. लिब्रादो गप्प झाला. निघाल्यावर पाच मिनिटांत त्याचा चेहरा बदलला, डोळे मिटले, ओठ हलायला लागले. दुपारी उसळीत खडे लागले, तरी तो काही बोलला नाही. कडक जमिनीवर पडला आणि म्हणाला, "छान आहे." लंगडत होता, पण तोंडातून चकार शब्द नाही, उलट चढ आला की डोळ्यांतून पाणी यायचं आणि तो आभाळाकडे बघून हसायचा. दीडशे माणसांत कुजबुज सुरू झाली. एका म्हातारीने त्याच्या हाताचं चुंबन घेतलं.

"पाय दुखतोय का हो, कोंपाद्रे?" आम्पारोने विचारलं.

"छे," लिब्रादो म्हणाला. "बूट झकास आहेत. फार झकास आहेत बूट."

एवारिस्तोला हे पाहून आपली लाज वाटली. इतका कुरकुऱ्या माणूस असा बदलतो आणि आपण मात्र अजून ग्रॅम मोजतोय! त्याची स्वतःची अवस्था काही बरी नव्हती. दोन्ही टाचांना फोड आले होते, दोन्ही फोडांत नियमाप्रमाणे दोरे लोंबत होते. खडा दाखवायचंही त्राण उरलं नव्हतं. दोन दिवस बाटली बाहेर निघाली नाही.

सहाव्या दिवशी लेओनमध्ये फोड बघायला बसलेल्या एका नर्सने सहज विचारलं, "नवस कशाचा, आजोबा?" झालं. एवारिस्तोच्या अंगात पुन्हा जीव आला. त्याने डाव्या कप्प्यातून बाटली काढली. ती हलकी लागली. एकतीस वर्षांचा हात तो, तीन ग्रॅमचा फरक त्याला न बघता कळायचा. झाकण उघडलं तर तळाशी चिमूटभर पावडर, आणि खडा नाही.

"म्हणजे... असाच," तो पुटपुटला, "गुडघे दुखतात." नर्सने गुडघ्याला मलम लावून दिलं.

मग रस्त्याकडेला निवडुंगाच्या आडोशाला त्याने सगळी पिशवी उलटी केली. अर्धा साबण, अर्धा टॉवेल, दहा दातांचा कंगवा, मोजे. मोजे उलटे करून झाले. पावडर रुमालातून गाळून झाली. लिब्रादोने पावडर घेतली होती हे त्याला आठवलं, पण क्षणभरच. पावडर उजव्या कप्प्यात असते. पावडर हवी असलेला माणूस डाव्या कप्प्यात हात घालीलच कशाला? पद्धत होती ना! तेव्हा बाटलीतली पावडर कमी झाली म्हणजे सांडली, सांडली म्हणजे झाकण आपणच सैल लावलं, आणि झाकण सैल म्हणजे खडा मागच्या साठ किलोमीटरांत कुठेतरी धुळीत पडला. आता त्या रस्त्यावर खडा शोधायचा. एवारिस्तोने मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. रस्ताभर खडेच खडे होते.

"काय शोधतोयस, म्हाताऱ्या?" आम्पारो मागे येऊन उभी होती.

"शोधत नाहीये. मोजतोय."

तिला सांगणं शक्यच नव्हतं. महिनाभर तिला बारा नियम ऐकवले होते. तिने आपलं सामान उशीच्या अभ्र्यात कोंबून आणलं होतं आणि तिचं काहीच हरवलं नव्हतं. पण बायकोहून मोठी धास्ती दुसरीच होती. आईला शब्द दिला होता, हाच खडा, माझ्या हाताने. तिने तिचं काम चोख केलं होतं. आता रिकाम्या हाताने तिच्यापुढे उभं राहायचं, तेही आठ दिवस चालून! त्याला रडूच फुटलं. धूळ गेली डोळ्यांत, असं त्याने न विचारताच सांगून टाकलं.

सातव्या दिवशी तो मान खाली घालून चालला. लोकांना वाटलं, चिंतन चाललंय. दुपारी त्याला हवा तसा खडा सापडला: पिवळट, एका बाजूने खरबरीत, सहा मिलिमीटरहून किंचित जास्त. इकडेतिकडे बघून त्याने तो उचलला आणि बाटलीत टाकला. शंभर पावलं गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. या वाटेवरचा खडा म्हणजे कोणीतरी कुरकुरून दगड झालेला माणूस! कोणाचा नवरा, कोणाचा काका, कोण जाणे. आपण एक अख्खा परका मनुष्य औषधाच्या बाटलीत कोंबून चाललोय. त्याला खिशात एकदम जड वाटायला लागलं.

संध्याकाळी लागोसला आम्पारोने सगळ्यांदेखत फर्मान सोडलं, "अरे, दाखव ना तुझा खडा! या ताईंना बघायचाय."

एवारिस्तोने लांबूनच दाखवला. आम्पारोने तो त्याच्या हातावरून चिमटीत उचलला, दिव्यापाशी नेला आणि बराच वेळ बघितला.

"वाढला का रे हा?"

"हवा... हवा बदलली की फुगतात ते."

"असं होय," आम्पारो म्हणाली आणि खडा परत दिला. एवारिस्तोने तो घाईघाईने बाटलीत टाकला आणि झाकण दोनदा घट्ट केलं.

आठव्या दिवशी दुपारी सान हुआनच्या टेकडीवरून चर्चचे दोन मनोरे दिसले. बायका रडल्या, पुरुष नाक शिंकरायला लागले, बँडवाल्यांनी जे येत होतं ते वाजवलं. आत गर्दी एवढी, की पाय उचलला तरी माणूस पुढे सरकत होता. काही जण गुडघ्यांवर चालत होते. लिब्रादो एका पायावर जवळजवळ उड्या मारत होता, आणि त्याचा तो घामाने निथळणारा, हसरा, पांढराफटक चेहरा पाहून लोक आपण होऊन वाट देत होते. त्याच्या मागोमाग एवारिस्तो आणि आम्पारो फुकटात पुढे पोचले.

वर काचेआड आई होती, वीतभर उंचीची, मोठ्या निळ्या झग्यात. खाली नवसाच्या वस्तू ठेवायचा कट्टा होता. वेण्या, पायाची प्लास्टरं, लग्नाचे फोटो. एवारिस्तोने खडा तळहातावर घेतला. हात पुढे केला. हात पुढे जाईना.

मागून लोक ढकलायला लागले. "आटपा, आजोबा!"

"आई," एवारिस्तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरका निघाला, "हा माझा नाही गं. माझा मी हरवला. सगळं मोजून घेतलं आणि नेमका तोच हरवला. हा वाटेतला आहे. तुला फसवणार होतो. मी थकलो, मला काही सुचलं नाही. माफ कर."

आम्पारोने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "कालच कळलं मला," ती म्हणाली. "माझ्या हाताने धुतलेला खडा मी ओळखणार नाही होय? तू कबूल कधी करतोस तेच बघत होते."

शेजारच्या बाकावर लिब्रादोने बसकण मारली होती. पोचलो, आता बघायला हरकत नाही, असं काहीसं पुटपुटत त्याने नाडी सोडली आणि दात आवळून डावा बूट ओढून काढला. आतून पंखांचं पॅड बाहेर आलं, घामाने आणि पावडरीने चिकटून त्याची भाकरी झालेली. त्याने ती भीतभीत सोलली. टक् असा आवाज करून काहीतरी फरशीवर पडलं. लिब्रादोने बुटात हात घालून तळ इकडून तिकडून चाचपला आणि एकदम ओरडला, "खिळा नाही! कोंपाद्रे, खिळा नाहीये! तळ माझा शाबूत आहे!"

"शू!" सेवेकरी म्हणाला.

आम्पारो वाकली. फरशीवरचं ते पिवळट काहीतरी तिने पदरासारख्या ओढलेल्या शालीच्या टोकाने पुसलं आणि नवऱ्याच्या हातावर ठेवलं. "हा घे. हा आपला."

एवारिस्तोने खड्याकडे पाहिलं, मग बुटाकडे, मग त्यावर सांडलेल्या पावडरीकडे. "तुम्ही," तो दबक्या आवाजात म्हणाला, "डाव्या कप्प्यात हात घातलात?"

"अहो, बाटलीवर पी लिहिलं होतं! पी म्हणजे पावडर!"

"पी म्हणजे पिएद्रा!"

"मग आत पावडर का भरली होती, गाढवोबा?" लिब्रादो कुजबुजत किंचाळला. "पाच दिवस! पाच दिवस मी तुमच्या मुतखड्यावर चाललोय! मला वाटलं माझाच खिळा वर आला. बोलायची सोय नाही, चारचौघांत बूट काढून बघायची सोय नाही, झोपलोसुद्धा बुटांसकट. दुकानाला कुलूप लावायचं मनात पक्कं केलं होतं मी!"

"अहो, पण माझा नवस... मी आणीन म्हटलं होतं. आणला तुम्ही."

मागची रांग आता शिव्यांवर आली होती.

"ऑगस्टात तीन दिवस तू सोसलास," आम्पारो नवऱ्याला म्हणाली, "जानेवारीत पाच दिवस यांनी. दोघांचा आहे तो. ठेवा आता एकदाचा."

मग दोघांनी मिळून, एकाने अंगठा आणि एकाने बोट लावून, खडा आईच्या पायाशी ठेवला. वाटेतला तो दुसरा खडा एवारिस्तोच्या मुठीत तसाच होता. आम्पारोने तो काढून घेतला आणि पहिल्याच्या शेजारी ठेवला. "हाही पोचू दे बिचारा. कोणाचा कोण, किती वर्षं पडून होता देव जाणे."

बाहेर पायऱ्यांवर लिब्रादोने भोक पडलेली टाच उन्हात पसरली. एक बूट पायात, एक हातात.

"कोंपाद्रे," त्याने विचारलं, "आपण पोचलो ना? म्हणजे यात्रा झाली ना?"

"झाली."

"मग आता तक्रार केली तर चालेल?"

"चालेल की," एवारिस्तो मोठ्या मनाने म्हणाला.

परतीच्या बसमध्ये लिब्रादो खिडकी सोडून एवारिस्तोकडे तोंड करून बसला आणि त्याने पहिल्या दिवसाच्या अळणी उसळीपासून सुरुवात केली. लागोस आलं तेव्हा तो दुसऱ्या दिवशीच्या घोरण्यावर होता. लेओन आलं तेव्हा बारा नियम एकेक करून घेतले जात होते, आणि पंखांचा नियम अजून यायचा होता. आम्पारो अभ्र्याची उशी करून केव्हाच झोपली होती. एवारिस्तोचं डोकं ठणकायला लागलं. बस, पुरे, या माणसाबरोबर मी पुन्हा कुठे येणार नाही, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि त्याचं लक्ष खिडकीबाहेर गेलं.

रस्त्याच्या कडेला ओळीने दगड पडले होते. तो नेम परतीच्या वाटेलाही लागू असतो का, हे त्याला नक्की माहीत नव्हतं. त्याने तोंड मिटलं.

"छान," तो म्हणाला. "पुढे सांगा, कोंपाद्रे."